पटवारी अजून गेलेला नाही

मानोरा तालुक्यात एखाद्या आजोबांना विचारा, 'तलाठी कुठं भेटतील?' बरेचदा उलटा प्रश्न येतो, 'पटवारी का?' सरकारने 2024 साली तलाठ्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांनी त्याच्या आधीचंही नामांतर अजून मनावर घेतलेलं नाही.

1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. तोवर परगण्याचा कारभार देशमुख-देशपांडे बघत, गावाचा पाटील-पटवारी. इंग्रजांनी वरच्या दोघांची कामं काढून घेतली, खालचे दोघे ठेवले. कोणाचा धुरा कुठे संपतो हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं. 1900 साली तर या दोघांसाठी वऱ्हाडात वेगळा कायदा झाला. पद वंशपरंपरेचं आणि मोबदला वसुलावरच्या टक्क्यांचा.

म्हणजे आजोबांचा पटवारी गावातच राहायचा, कोण कोणाचा वारस हे त्याला पाठ असायचं. पण त्याच्याशी बिनसलं तर? कागद त्याच्याच घरात, आणि उद्या त्याच्या मुलाच्या हातात. मानोऱ्याचा हा भाग तांड्यांचा, पोहरादेवी याच तालुक्यात. तांड्यातले तंटे नायक मिटवायचा, पण तांडा शेती करू लागला की जमिनीचा कागद गावच्या पटवाऱ्याकडे. तो काही तांड्यातला नसायचा.

गंमत अशी, की ही घडी बदलणाऱ्यांमध्ये शेजारच्या पुसद भागातल्या गहुलीचा, बंजारा घरातला एक माणूस होता. वसंतराव नाईकांच्या समितीने मार्च 1961मध्ये 226 शिफारशी केल्या आणि 1 मे 1962पासून जिल्हा परिषदा आल्या. कलेक्टरला त्यांच्या बाहेर ठेवलं. आज ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा आणि तलाठी तहसीलदाराच्या हाताखालचा, असे दोन साहेब गावात दिसतात ते यामुळे. (दाखला एकाकडे, सातबारा दुसऱ्याकडे, नि दोघे एकाच दिवशी भेटले तर नशीब!) 1 जानेवारी 1963ला वंशपरंपरागत पाटीलकीही संपली.

टक्क्यांच्या जागी पगार, महागाई भत्ता, पेन्शन आलं. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल मात्र बदलीचा. साहेबाला ती शिक्षा वाटत असेल. पण ज्याचं गावातल्या मोठ्या घराशी पटत नाही, त्याला तिचाच आधार. किंमतही मोजावी लागली: नवा माणूस येतो, धुरे ओळखू लागतो आणि निघून जातो.

तरी या नोकरीची ओढ बघा. 2023च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर होते, कारण 1 नोव्हेंबर 2005पासून लागलेल्यांना ती नाही.

आणि पटवाऱ्याचं एक काम आता तुमच्याच हातात आहे. 15 ऑगस्ट 2021पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढून पीक नोंदवायचं असतं. सोयाबीन नोंदवायचं राहिलं, तर हमीभावाच्या खरेदीला सातबारा दाखवताना अडतं. तेव्हा आजोबा विचारतात, 'पटवाऱ्यानं लिहिलं नाही का?' आणि घरातल्या मोबाइलवाल्या पोराकडे बघतात.