शहाड परिसरातील लाकूडकाम आणि लाकडाचा रंग

उल्हास नदीच्या काठचे शहाड आज रेल्वेचे स्थानक आणि कारखान्याचे गाव म्हणून लोकांस ठाऊक आहे. परंतु कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाटाकडे जाणारी प्राचीन वाट ह्याच बाजूची. आणि लाकडाशी ह्या प्रदेशाचा संबंध दीड हजार वर्षांचा तरी आहे. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस ह्याने कल्याण बंदराच्या मालात पितळ व कापड ह्यांबरोबर ‘सेसम’ लाकडाचा उल्लेख केला आहे. हे लाकूड म्हणजे आपले शिसवच, असे अनेक अभ्यासक मानतात. आम्हां सुतारांस ह्या नोंदीचा अभिमान वाटावा, हे साहजिकच होय.

शिसव मुळातच काळसर आणि साग अंगच्या तेलाने तुकतुकीत. असल्या लाकडास वरून रंग देण्याचे प्रयोजनच नसते. जुन्या घरांतील पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा ह्यांस रंधा नीट मारून तेलाचा हात दिला की काम पुरे होई. मग लाकूड रंगविण्याची विद्या घरोघर का शिरली? ह्याचे उत्तर इतिहासात आहे.

१८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. गिब्सन हे जंगलांचे पहिले संरक्षक नेमले गेले. १८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली आणि मुंबईची मागणी दाराशी आली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांवर सरकारी ताबा पक्का झाला. सागाची तोड हवी तशी करता येईना, तेव्हा सामान्य गृहस्थाच्या सामानात आंबा, फणस, ऐन ही लाकडे आली. फिक्या लाकडास सागाची वा शिसवाची छटा आणणे ही तेव्हापासूनची गरज होय.

ह्या गरजेस लागणारे द्रव्य आपल्या रानातच होते. खैराच्या गाभ्यापासून कात निघतो. कातकरी समाजाचे नावच त्यावरून पडले. कातात चुना मिसळला की रंग लाल होतो, हे विडा खाणारास सांगावयास नको. हिरड्याच्या काढ्यास लोखंडाचा संपर्क झाला की काळा रंग तयार होतो. पिवळसर छटेस पिवडी आणि तांबूस छटेस गेरू.

मात्र रंगापेक्षा पूर्वतयारी महत्त्वाची. लाकूड पुरते वाळलेले असावे. रंधा व काचकागद रेषांच्या दिशेनेच चालवावा. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, रंग लागताच उघडा पडतो. मग ओले फडके फिरवून उठलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासावे. फळीच्या टोकाकडील भाग रंग अधिक पितो, म्हणून तेथे आधी किंचित पाणी लावावे. रंग पातळ करून प्रथम त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहावा. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचे हात कापडाच्या बोळ्याने द्यावे. हे काम भर पावसाळ्यात करू नये. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते.

स्वातंत्र्यानंतर ह्या परिसराचे रूप पालटले. महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधहून आलेल्या निर्वासितांचे उल्हासनगर १९४९ साली वसले. सर्वस्व मागे टाकून आलेल्या ह्या लोकांनी बराकींत संसार मांडले, आणि पुढे तेथील फर्निचर बाजार दूरवर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पॉलिशमधील स्पिरिट लोक पिऊ लागतील ह्या भीतीने फ्रेंच पॉलिशचा उल्लेखही पुढे त्या कायद्यात नावानिशी आला. सुताराच्या बाटलीवर सरकारची नजर राहिली ती अशी! १९५६ च्या सुमारास शहाडला रेयॉनचा कारखाना उभा राहिला. रेयॉनचा धागा लाकडाच्या लगद्यापासूनच निघतो. म्हणजे कल्याणास लाकडाच्या व्यापाराने आलेले महत्त्व शेजारच्या शहाडास लाकडाच्याच दुसऱ्या रूपाने आले.

आज प्लायवूडवर तयार पापुद्रा चिकटविला की साग ‘दिसतो’. ह्यात पाप नाही. स्वस्त लाकडास छटा देणे हेही आपल्या पूर्वजांनी केलेच. परंतु छटा देणे निराळे आणि आंब्याचा साग म्हणून विकणे निराळे. गिऱ्हाइकास वरचा रंग दिसतो. आतले लाकूड सुतारासच ठाऊक असते, आणि आपल्या ज्ञातीची पत ह्या विश्वासावरच उभी आहे. ह्यास्तव आमची ज्ञातिबांधवांस विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी काताचे व हिरड्याचे प्रमाण जाणणारी वडील मंडळी हयात आहेत, त्यांनी ते आजच वहीत उतरून घ्यावे, आणि पुढील पिढीस रंगाच्या आधी लाकूड ओळखावयास शिकवावे.