कॅम्प : लष्करी तळापासून राहत्या घरापर्यंत

उल्हासनगरच्या माणसाला कुठे राहता म्हणून विचारले, तर तो 'कॅम्प चारला' असे सांगतो. पत्त्यात पुष्कळदा बॅरेकचा क्रमांकही असतो. हे दोन्ही शब्द मुळात लष्करी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांचा तळ उभारला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना त्याच बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. सैन्य गेले, नाव बदलले, तरी तळाचे पाच कॅम्प लोकांच्या तोंडी राहिले.

'कॅम्प'च्या मुळाशी लॅटिन 'कॅम्पस' आहे. त्याचा अर्थ मोकळे मैदान. सैन्य मैदानात उतरते, म्हणून कॅम्प म्हणजे तळ. कॉलेजचा 'कॅम्पस' हा त्याचाच भाऊ. आपल्याकडच्या शब्दांचा प्रवासही असाच झाला आहे. संस्कृतात 'शिबिर' म्हणजे सैन्याचा मुक्काम. आज आपण रक्तदानाचे शिबिर भरवतो. 'छावणी'त छप्पर घालण्याची क्रिया आहे, पुढे ती फौजेची झाली, आणि दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला छावणी म्हटले की जनावरे आणि चारा आठवतो. पुणेकर 'कॅम्पात' जातो तो खरेदीला.

हे अर्थ ठरवतो कोण? एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये 'सामाजिक तथ्य' ही कल्पना मांडली : जे व्यक्तीच्या बाहेर असते आणि तरी तिला बांधून ठेवते, ते. भाषा हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला कोणी 'शिबिर चारला चला' म्हटले, तर शब्दकोश बोलणाऱ्याच्या बाजूने असूनही रिक्षा हलणार नाही. अर्थ ठरवण्याचा अधिकार एकट्याचा नाही. अर्थ रोजच्या वापरातून सगळे मिळून ठरवतात.

सिंधमधून आलेल्या या लोकांना सरकारी कागदांनी 'निर्वासित' म्हटले. त्यात 'वस्' म्हणजे राहणे हा धातू आहे. 'निर्'ने माणूस राहत्या जागेतून बाहेर काढला जातो. 'वस्ती' हा शब्दही त्याच धातूचा. निर्वासित हे नाव इतरांनी दिले. वस्ती मात्र या माणसांनी स्वतः केली. दुकाने, कारखाने, शाळा उभ्या राहिल्या. मुले-नातवंडे इथेच जन्मली आणि त्यांच्या बोलण्यात 'कॅम्प' म्हणजे आपले घर झाले.

तात्पुरता मुक्काम हा अर्थ इथे पूर्ण उलटला आहे आणि तो उलटवला आहे सामान्य माणसांच्या पाऊणशे वर्षांच्या राहण्याने. मराठी कोशात 'कॅम्प'पुढे 'कायमची वस्ती, शहराचा भाग' हा अर्थ मानाने नोंदवला पाहिजे. तो या लोकांनी कष्टाने मिळवला आहे.