तळ्याचा गाळ, तांबडं रान

देशावरचं काळं रान ओळखायला चष्मा लागत नाही. पावसात ते वहाणेला शेरभर चिकटतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडतं. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजांनी बंगळूर घेतलं आणि पुढे ते राजांच्या जहागिरीत आलं. तिथलं रान मात्र तांबडं, भुसभुशीत, नाचणीचं.

हा फरक चिकणमातीच्या जातीचा. बंगळूरचा खडक ग्रॅनाइटच्या कुळातला. तो झिजताना पाण्याचा निचरा चांगला झाला की सिलिका आणि चुना वाहून जातात, मागे उरतं केओलिनाइट आणि लोहाचा गंज. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं. केओलिनाइट जवळजवळ फुगतच नाही. कॅल्शियम, पोटॅश, अमोनिया धरून ठेवायची त्याची ताकदही काळीच्या आठ-दहा पटींनी कमी. त्यात लोहाचा गंज स्फुरद अडवून ठेवतो. म्हणजे शेणखत घाला, पण ते धरून ठेवणारा हात दुबळा.

चिकणमातीच्या या सूक्ष्म कणांना स्फटिकांची घडण असते, हे क्ष-किरणांनी दाखवलं ते १९३०च्या सुमारास. गावकऱ्यांनी उपाय त्याच्या कितीतरी आधी काढला होता.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, जवळ मोठी नदी नाही. म्हणून ओढे अडवून एकाखाली एक तळी बांधली. कन्नडमध्ये त्यांना 'केरे' म्हणतात. पावसाचं पाणी उतारावरून येताना सगळ्यात बारीक कण सोबत आणी आणि तळ्यात ते संथपणे बसत. उन्हाळ्यात तळं आटलं की हा गाळ, 'हूळु', खणून बैलगाडीतून तांबड्या रानात टाकायचा. ढेकळं उन्हात तडकायची, वळवाच्या सरीत विरघळायची. वरून वाहून गेलेलं रान गाडीभाड्यात परत आणायचं, असा हा सौदा. मडक्यांसाठीही कुंभार तोच गाळ नेत.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तेव्हा नाव नवं होतं, काम जुनंच.

बंगळुरात मात्र यातली बरीच तळी उरली नाहीत. धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम. उरलेल्यांतलं बेळ्ळंदूर फेस आणि आगीसाठी बातम्यांत आलं. सांडपाण्याबरोबर आलेले जड धातू चिकणमातीचे तेच कण घट्ट धरून बसतात. त्यामुळे असा गाळ शेतावर टाकण्याआधी प्रयोगशाळेत तपासावा लागतो.