पानझडी शोभावृक्ष

पानझडी शोभावृक्ष : वर्षातील काही काळ पूर्ण किंवा बव्हंशी निष्पर्ण होणारे आणि फुलोरा, सावली वा डौल यांसाठी रस्ते, उद्याने व आवारे यांत लावले जाणारे वृक्ष. थंड प्रदेशांत पानगळ हिवाळ्यापायी होते. महाराष्ट्रात ती मुख्यतः कोरड्या ऋतूतील पाणीटंचाईमुळे होते. देठाच्या बुडाशी पेशींचा सुटा थर तयार होऊन पान गळते आणि बाष्पोच्छ्वासाने जाणारे पाणी वाचते. म्हणूनच माळावरचा वृक्ष बराच काळ उघडा राहतो, तर त्याच जातीचा, हिरवळीच्या कडेला आयते पाणी मिळालेला वृक्ष लवकर पालवतो. पानगळीचा महिना ही ओळखीची भरवशाची खूण नव्हे.

ओळख : वनस्पतिशास्त्राची पुस्तके पाने व फुले यांवरून ओळख देतात. पण पाने नसतात तेव्हाच झाडाचे नाव विचारले जाते. अशा वेळी फळे, काटे, साल आणि फांद्यांची ठेवण पाहावी.

शेंगांचा पुरावा सर्वांत पक्का. बहाव्याची (कॅसिया फिस्टुला) शेंग दंडगोल, काळपट आणि 30 ते 60 सेंमी. लांब असते, आत आडवे पडदे असून त्यांवर चिकट, काळा गर असतो. हाच मगज वैद्यकात रेचक म्हणून वापरतात. गुलमोहराची शेंगही तेवढीच लांब, पण चपटी व लाकडी असते. सोनमोहराच्या शेंगा बोटाएवढ्या, चपट्या आणि तांबूस. शिरीषाच्या गवती पिवळ्या, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. ताम्हणाला (लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा) शेंगा नसतात. त्याची सुपारीएवढी लाकडी बोंडे उकलून, सपंख बिया उडून गेल्यावरही फांद्यांच्या शेंड्यांवर राहतात. गळण्यापूर्वी त्याची समोरासमोरची साधी पाने तांबूस होतात.

काटेसावर आणि पांगारा या दोघांनाही काटे असतात व दोघेही निष्पर्ण असताना लाल फुलतात, त्यामुळे नवख्याची गल्लत होते. सावरीच्या कोवळ्या खोडावरचे काटे बुडाशी रुंद, शंकूसारखे असतात. फांद्या खोडाभोवती आडव्या, मजल्यामजल्याने फुटतात. फुले मोठी, मांसल, पाच पाकळ्यांची. पांगाऱ्याचे काटे बारीक व काळे, तर फुले फांद्यांच्या टोकांना गुच्छाने येतात. पालवी फुटल्यावर शंकाच उरत नाही : सावरीचे पान हाताच्या पंजासारखे, पांगाऱ्याचे तीन दलांचे. पळसाचेही तीन दलांचेच, पण राठ व चामड्यासारखे असते आणि त्याचे खोड बहुधा वेडेवाकडे असते.

लागवड : बहाव्याच्या बीचे कवच इतके कठीण असते की नुसती पेरलेली बी फार काळ तशीच पडून राहते. बी एका बाजूने काचकागदावर घासून रात्रभर पाण्यात भिजवावी. फुगलेली बी पेरावी. पाणी धरून ठेवणारी जमीन बहाव्याला मानवत नाही. ताम्हणाचे उलट आहे. हा ओढ्याकाठचा वृक्ष असल्याने त्याला ओलावा हवा, आणि कोरड्या दुभाजकावर तो खुरटतो. महाराष्ट्राचे राज्यपुष्प म्हणून तो सरसकट सगळीकडे लावण्याची हौस त्यामुळे वाया जाते. पळसाचे रोप सुरुवातीला मुळे वाढवते. वरचा कोंब उन्हाळ्यात वाळून पावसाळ्यात पुन्हा फुटतो. ते मेले असे समजून उपटू नये. मोठे रोप हलवलेले त्याला सोसत नाही, म्हणून बी जागेवरच लावणे बरे. पांगारा जाड फांदी रोवूनही जगतो. मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारतात पोचलेल्या एका सूक्ष्म किडीमुळे त्याच्या पालवीवर गाठी येतात.

सर्वसाधारणपणे सुमारे 60 सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून ठेवावा, माती व कुजलेले शेणखत मिसळून भरावा आणि चांगल्या पावसानंतर रोप लावावे. बुंध्याभोवती सिमेंट करू नये. मादागास्करहून आलेल्या गुलमोहराची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ असते. वादळात तो कोलमडतो, तेव्हा वाहने उभी राहतात तेथे तो नको. काटेसावरही घराला खेटून लावू नये : ती फार उंच वाढते आणि उन्हाळ्यात तिचा कापूस घरभर उडतो.

निष्पर्ण झाड वठले असे ठरवण्याआधी डहाळीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर ती डहाळी जिवंत आहे. कोरडी निघाली तर आणखी खालच्या जाड फांदीवर तीच परीक्षा करावी. शहरात वाळलेले झाडही मनाने पाडता येत नाही. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली त्यासाठी परवानगी घ्यावी लागते.