सोडतीचा पैसा आणि त्याचा विनियोग

नशिबावर भरवसा ठेवून लोकांनी दिलेला पैसा लोकोपयोगी कार्यास लावावयाचा, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईच्या टाउन हॉलची कल्पना सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८११ मध्ये मांडली. सोडत काढून पैसा उभारण्यात आला व १८२१ मध्ये बांधकामास आरंभ झाला. परंतु तो पैसा अपुरा पडून काम रखडले. उरलेला खर्च मुंबई सरकारने सोसला, तो मात्र इमारतीत आपल्या कचेऱ्यांस जागा मिळावी या अटीवर. १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. लोकांच्या पैशाने आरंभिलेल्या कार्यावर सरकारचा अधिकार आला तो तूट भरून काढल्यामुळे; आणि त्याची अट सर्वांस ठाऊक होती.

१२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली, तेव्हा हा संबंध पालटला. मटक्यास आळा बसावा व राज्यास उत्पन्न मिळावे, या हेतूने सरकारच सोडत काढू लागले. पुढे १९९८ च्या केंद्रीय कायद्याने तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा करण्याचे बंधन घातले. खाजगी मध्यस्थांच्या हातून पैसा सुटावा, या दृष्टीने हे बंधन योग्यच होय. परंतु ती रक्कम कोणत्या सत्कार्यास लावावी, याविषयी तो कायदा मौन धरतो. नाशिकच्या विक्रेत्याकडून तिकीट घेणाऱ्याचा रुपया रुग्णालयास जावा की रस्त्यास, हे ठरविणे राज्याकडेच राहते.

मग कार्याचे नाव आधीच ठरवून दिल्यास हा प्रश्न सुटतो काय? केरळने २०१२ मध्ये कारुण्य निधी स्थापून एका सोडतीचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारांशी जोडले. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने कला, क्रीडा, वारसा, धर्मादाय कार्य व सहस्रकाचा उत्सव असे पाच वाटे ठरविले होते. पण १९९८ मध्येच तेथील सरकारने आरोग्य, शिक्षण व पर्यावरण यांसाठी नवा वाटा काढला. जो खर्च करातून व्हावयाचा तो सोडतीवर ढकलला जात आहे, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला.

तात्पर्य, कार्याच्या नावापेक्षा महत्त्वाचे असते ते हे की, सोडतीचा पैसा नेहमीच्या खर्चात भर घालतो की त्याची जागा घेतो. टाउन हॉलच्या व्यवहारात सरकारने काय दिले व काय घेतले, हे कोणासही सांगता येत होते. तिजोरीत मिसळलेल्या रुपयाविषयी तसे सांगता येत नाही. म्हणून त्याचा हिशेब वेगळा मागणे हा नागरिकाचा हक्क ठरतो.