पेनिंग सापळा म्हणजे काय?

वायू अतिशय तापवला किंवा त्यात विद्युतविसर्जन घडवले, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युतभारित कणांच्या समूहाला प्लाझ्मा म्हणतात. तो साध्या भांड्यात साठवता येत नाही. भिंतीला लागताच कण आपली ऊर्जा गमावतात. प्रतिद्रव्याचे कण तर द्रव्याशी गाठ पडताच नष्ट होतात. मग ते ठेवायचे कशात?

केवळ स्थिर विद्युतक्षेत्राने भारित कण एका जागी धरता येत नाही, हे ब्रिटिश गणिती सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले. एका दिशेने आवरलेला कण दुसऱ्या दिशेने निसटतोच. चुंबकीय क्षेत्रात कण बलरेषांभोवती गिरक्या घेतो, त्यामुळे तो बाजूला फारसा सरकत नाही. मात्र बलरेषेच्या दिशेने जाण्यास त्याला मोकळीक असते.

पेनिंग सापळ्यात या दोन्ही क्षेत्रांची सांगड घातलेली असते. निर्वात नळीच्या लांबीला समांतर असलेले चुंबकीय क्षेत्र कणांना भिंतीपासून दूर ठेवते, तर दोन्ही टोकांची विद्युताग्रे त्यांना आत लोटतात. डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांच्या संशोधनावरून हान्स डेमेल्ट यांनी या साधनाला हे नाव दिले. डेमेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अशा सापळ्यात एकच इलेक्ट्रॉन पकडून दाखवला. कण पकडण्याच्या तंत्रासाठी १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग डेमेल्ट आणि वोल्फगांग पाउल यांना विभागून मिळाला.

या सापळ्याला एक मर्यादा आहे. इलेक्ट्रॉनांना आत लोटणारे विद्युताग्र धनभारित आयनांना मात्र बाहेर ओढते. त्यामुळे त्यात एकाच प्रकारच्या भाराचा प्लाझ्मा कोंडता येतो. अणुसंमीलनासाठी लागणाऱ्या, दोन्ही भारांच्या प्लाझ्माकरिता टोकामॅक वापरतात. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेतील 'आदित्य' हे त्याचे भारतीय उदाहरण. टोकामॅकची पोकळी कड्यासारखी असल्याने तिला टोकेच नसतात.

प्रतिद्रव्याच्या अभ्यासात मात्र पेनिंग सापळ्याला पर्याय नाही असेच म्हणावे लागते. जिनिव्हाजवळील 'सर्न'मधील 'बेस' प्रयोगात प्रतिप्रोटॉन ४०५ दिवस साठवून ठेवले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथेच ७० प्रोटॉन सापळ्यात ठेवून ट्रकमधून सुखरूप नेण्यात आले. प्रतिद्रव्य एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे नेण्याची ती रंगीत तालीम होती.