बाल्साचं धड, 22 प्रवासी

रिमोटवर उडणारं प्रवासी विमान बनवायला घेतलंय का कुणी? मग तुम्हाला माहीतच असेल, खरी डोकेदुखी म्हणजे फ्युजलाज, विमानाचं गोल धड. प्लायच्या चकत्या ओळीनं उभ्या करा, त्यावर बाल्साच्या पट्ट्या चिकटवा, घासा, परत घासा. आणि धाकधूक एकच, लँडिंगला कंबर मोडली तर?

आता गंमत ऐका. 1937 मध्ये इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीनं खरी माणसं बसवायचं विमान बाल्सा वापरूनच उडवलं. नाव अल्बट्रॉस. चार इंजिनं, 22 प्रवासी. धड म्हणजे चक्क सँडविच, बाहेर प्लाय, मधे बाल्सा, आत पुन्हा प्लाय, साच्यावर दाबून चिकटवलेलं. बाल्सा हलका, म्हणून तो मधे. जास्त ताण घेतो तो प्लाय. दिसायला तर काय सांगू, त्या काळातलं सगळ्यात देखणं विमान, माझ्या मते तरी.

पण 1938 च्या चाचणीत जादा वजन घालून उतरवताना एकाची कंबर मोडलीच! दुरुस्त करून ते पुन्हा उडवलं. एकूण सातच बनली, आज एकही शिल्लक नाही. सँडविचची युक्ती मात्र टिकली. 1940 मध्ये मॉस्किटो त्याच पद्धतीनं उडालं. धडाची दोन अर्धी कवचं, आतल्या वायरी आधी, जोड नंतर. अगदी आपल्या किटसारखं.